चार्ल्स पिअर्सन : भुयारी रेल्वेचा पुरस्कर्ता

१० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी खुली झाली. तिच्यासाठी सतरा वर्षे झटलेले चार्ल्स पिअर्सन मात्र तो दिवस पाहू शकले नाहीत. त्यांचे निधन सप्टेंबर १८६२ मध्येच झाले होते.

१७९३ साली लंडनमध्ये गाद्यागिरद्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले पिअर्सन व्यवसायाने सॉलिसिटर होते. १८३९ पासून अखेरपर्यंत ते लंडन सिटी कॉर्पोरेशनचे सॉलिसिटर होते. १८४७ ते १८५० या काळात लॅम्बेथचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटमध्येही बसले. १६६६ च्या भीषण आगीचे खापर कॅथलिकांवर फोडणारा मजकूर स्मारकस्तंभावरून काढला जावा, यासाठीही त्यांनी खटपट केली होती.

त्या काळी बाहेरगावच्या आगगाड्या शहराच्या वेशीवरच थांबत. आतले रस्ते घोडागाड्यांनी तुंबून जात. गाडीभाडे परवडत नसल्याने मजूर कामाच्या जागेजवळच्या कोंदट वस्त्यांत दाटीवाटीने राहत. स्वस्त रेल्वे मिळाली तर हा श्रमिक मोकळ्या हवेत राहू शकेल, हा पिअर्सन यांच्या योजनेचा गाभा होता. १८४५ मध्ये त्यांनी फ्लीट नदीच्या खोऱ्यातून हवेच्या दाबावर चालणारी रेल्वे सुचविली; पण ती कल्पना मान्य झाली नाही.

मेट्रोपॉलिटन रेल्वेला १८५४ मध्ये कायद्याने अनुमती मिळाली. परंतु भांडवल जमेना. अखेर पिअर्सन यांच्या प्रयत्नांनी कॉर्पोरेशनने दोन लाख पौंड गुंतविले आणि १८६० मध्ये काम सुरू झाले. मुख्य अभियंते जॉन फाउलर होते. रस्त्यात खोल चर खणून, विटांची कमान बांधून वर पुन्हा रस्ता करावयाचा, अशी पद्धत होती. जून १८६२ मध्ये फ्लीटचे गटार फुटून बांधकामात पाणी शिरले. ज्यांच्यासाठी ही योजना, अशा गरिबांचीच अनेक घरे या कामी पाडली गेली, हे शल्यही विसरता येत नाही.

कंपनीने देऊ केलेले पारितोषिक पिअर्सन यांनी नाकारले. आपण कॉर्पोरेशनचे सेवक आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या सुमारे सहा किलोमीटर मार्गावर, वाफेच्या इंजिनांचा धूर सोसत, पहिल्याच दिवशी अडतीस हजारांच्या आसपास लोकांनी प्रवास केला. पुढे १८६४ मध्ये कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या पहाटेच्या गाड्या धावू लागल्या. पिअर्सन यांचा मूळ हेतू असा त्यांच्या मागे, अंशतः का होईना, फळास आला.