खेळाडू फ्रान्सिस झेवियर

संत फ्रान्सिस झेवियर म्हटले की हातात क्रूस घेतलेले, जुन्या झग्यातले मिशनरी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. नाशिकहून गोव्याला गेलो की बॉम जीझस बॅसिलिकेत त्यांच्या अवशेषांपुढे आपण गुडघे टेकून येतो. पण हेच संत तरुणपणी पॅरिस विद्यापीठातले नावाजलेले खेळाडू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

७ एप्रिल १५०६ रोजी नवार राज्यातील झेवियर किल्ल्यात त्यांचा जन्म झाला. (आज हा भाग स्पेनमध्ये आहे.) वडील लवकर वारले, युद्धात घराण्याचे वैभव गेले, किल्ल्याचे बुरूजही पाडले गेले. गेलेले नाव परत मिळवायचे, ही जिद्द घेऊन १५२५ मध्ये फ्रान्सिस पॅरिसला शिकायला आले. सीन नदीच्या बेटावर विद्यार्थ्यांचे खेळ रंगत. उडी मारण्यात फ्रान्सिस अव्वल मानले जात आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. १५३० मध्ये पदवी मिळवून ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. मनात श्रद्धा होती, पण सर्वांत मागच्या बाकावर बसलेली.

सेंत बार्ब कॉलेजात मेंढ्या राखत वाढलेले पीटर फेबर त्यांच्या खोलीत राहत. १५२९ मध्ये तिथे तिसरे सोबती आले, इग्नेशियस लोयोला. वय चाळिशीकडे झुकलेले, भिक्षेवर शिक्षण चाललेले. १५२१ च्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला होता. ते लंगडत चालत. त्या युद्धात फ्रान्सिस यांचे थोरले भाऊ विरुद्ध बाजूने लढले होते! उत्तम उडी मारणारा तरुण आणि हा लंगडा विद्यार्थी एका खोलीत.

फेबर लवकर वळले. फ्रान्सिस मात्र इग्नेशियस यांची थट्टा करत. इग्नेशियस रागावले नाहीत. फ्रान्सिस यांच्या वर्गाला त्यांनी विद्यार्थी मिळवून दिले, पैशांची चणचण असताना मदत केली. आणि जग कमावण्याचा व आत्मा गमावण्याचा शुभवर्तमानातला प्रश्न ते अधूनमधून पुढे ठेवत राहिले. यात काही वर्षे गेली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी देवाला वचन दिले, त्यांत फ्रान्सिस होते.

खेळातल्या गर्वाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी हातापायांना दोऱ्या इतक्या करकचून बांधल्या की त्या मांसात रुतल्या, अशी हकिकत त्यांच्या सोबत्यांनी सांगितली आहे. आपल्या मुलांनी याचे अनुकरण करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. देवाने ते पाय वाया घालवले नाहीत, एवढेच पाहावे. त्याच पायांनी ते १५३६ च्या हिवाळ्यात पॅरिसहून व्हेनिसला चालत निघाले. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. दक्षिणेच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वाड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या, पुढे जपानमध्ये बर्फ तुडवला.

आपला नाशिक जिल्हाही खेळाडूंचा. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवले, तेव्हा सारा जिल्हा हरखला होता. आपल्या धर्मग्रामातलीही मुले मैदानावर घाम गाळतात आणि रविवारी सकाळी स्पर्धा असली की मिस्सा चुकते. आईवडील काळजीने विचारतात, हा देवाकडे परतेल का? अशा मुलांना उपदेश पुष्कळ मिळतो. त्यांचा सामना पाहायला धर्मग्रामातले किती जण जातात? फ्रान्सिस यांच्या वर्गासाठी विद्यार्थी शोधत फिरणारे इग्नेशियस मला म्हणूनच फार मोठे वाटतात.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ शांगच्वान बेटावर, वयाच्या ४६ व्या वर्षी फ्रान्सिस वारले. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये त्यांना संतपद जाहीर केले. त्याच दिवशी, त्याच विधीत, त्यांचे लंगडत चालणारे सोबतीही संत झाले.