माणदेशचा वनयात्री

सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथे पावसाचे ढग रिते होऊनच पोहोचतात, अशा मुलखातून माण नदी वाहते. वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील तिच्या काठच्या या प्रदेशास माणदेश म्हणतात. उघडे माळ, बोरी-बाभळी, खुरटे गवत आणि मेंढरांमागे हिंडणारे धनगर, हेच येथील वैभव. याच माणदेशात, आटपाडी तालुक्यातील माडगूळ गावी, १९२७ साली व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म झाला. सुप्रसिद्ध कवी ग. दि. माडगूळकर हे त्यांचे वडील बंधू होत.

घरची स्थिती बेताचीच होती. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात व्यंकटेशरावांनी उडी घेतली आणि त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. परंतु शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. त्यांनी स्वतःच्या कष्टाने इंग्रजी भाषा आत्मसात केली, चित्रकलेचा अभ्यास केला आणि भोवतालची माणसे, पशू व पक्षी यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यातून १९४९ साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आणि १९५५ साली 'बनगरवाडी' ही कादंबरी जन्मास आली. माळावरच्या गरीब माणसांचे जीवन मराठी साहित्यात इतक्या साधेपणाने क्वचितच आले होते. पुढे पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर त्यांनी अनेक वर्षे ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम केले.

व्यंकटेशरावांस रानाचे विलक्षण वेड होते. मात्र आरंभी ते रानात जात, ते शिकारी म्हणून. खांद्यावर बंदूक टाकून मैलोगणती हिंडावे, माग काढावा, दबा धरून बसावे, यात त्यांस मोठा आनंद वाटे. परंतु मागावर राहता राहता जनावरांचे जगणे त्यांस अधिकाधिक दिसू लागले आणि मारण्यापेक्षा पाहण्याची ओढ बळावली. १९७२ साली आपल्या देशात वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. कायदा हात आवरतो, पण मन पालटणे हे ज्याचे त्यालाच साधावे लागते. व्यंकटेशरावांनी बंदूक दूर ठेवली आणि दुर्बीण, वही व पेन्सिल जवळ केली.

जगातही असाच पालट घडत होता. सफारी हा आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ प्रवास असा आहे. एके काळी सफारी म्हणजे सिंह व हत्ती यांच्या शिकारीसाठी काढलेली मोहीम असे. पुढे तेथे राष्ट्रीय उद्याने झाली आणि लोक प्राणी मारण्याऐवजी पाहण्यासाठी जाऊ लागले. व्यंकटेशरावांची सफारी मात्र आपल्याच महाराष्ट्रात, विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यात झाली. त्या काळी भंडारा जिल्ह्यात असलेले हे अरण्य आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. १९७० साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. वाघ, बिबळे, गवे, सांबरे, चितळ, अस्वले आणि रानकुत्री यांचे ते घर होय.

या अरण्याच्या मध्यभागी एक तलाव आहे. उन्हाळ्यात लहान पाणवठे आटतात आणि तहानलेली जनावरे तलावाकडे येऊ लागतात. निरीक्षकाने तेव्हा झाडाआड निश्चल बसावे लागते. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहू लागला, की आपला वास त्यास लागतो आणि ते दूर पळते. वानराने झाडावरून इशारा दिला, की जवळपास वाघ-बिबळ्या असण्याचा संभव असतो. धुळीतले ठसे कोण केव्हा गेले ते सांगतात. शिकाऱ्याजवळ असलेली ही सारी विद्या व्यंकटेशरावांनी आता निराळ्या कामी लावली. पाण्याच्या घोटासाठी करावी लागणारी पायपीट माणदेशच्या या पुत्रास अपरिचित नव्हती. तहानेने व्याकूळ झालेल्या जिवाचा घात करण्यापेक्षा त्यास निर्धास्तपणे पाणी पिताना पाहणे, हेच त्यांस धन्यतेचे वाटले. येथील अनुभव त्यांनी 'नागझिरा' या पुस्तकात लिहून ठेवले.

वानरांच्या टोळीतील सत्तेच्या झगड्यावर त्यांनी 'सत्तांतर' ही कादंबरी लिहिली. पशूंचे जीवन त्यांनी गोड करून सांगितले नाही. त्यातील क्रौर्य व माया ही दोन्ही जशीच्या तशी दाखविली. या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २००१ साली त्यांचे पुण्यात निधन झाले.

२०१३ साली नागझिऱ्याचे अरण्य व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. ज्या हातांनी एके काळी नेम धरला, त्याच हातांनी त्या रानाची रेखाटने केली आणि दूरच्या गावांतील असंख्य वाचकांस ते रान घरबसल्या दाखविले. जनावर मारणारा एकटाच त्याचा धनी होतो; पाहून लिहिणारा मात्र ते सर्वांचे करून ठेवतो.