शाळा नाही, पुस्तक नाही. रोजच्या कामात गाणं सापडलेल्या बहिणाबाईंची गोष्ट

३ डिसेंबर १९५१. जळगावात ७१ वर्षांच्या एका शेतकरी बाईचं निधन झालं. तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. आज मात्र जळगावचं विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

त्या म्हणजे बहिणाबाई चौधरी.

जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्यातला. माहेर महाजनांचं. शाळेत कधी गेल्या नाहीत, त्यामुळे लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीत पती नथूजी गेले. पदरात तीन मुलं, डोक्यावर शेतीचा भार आणि त्या काळातलं विधवेचं जिणं.

अशा आयुष्यात आनंद कुठून आणायचा? बहिणाबाईंना तो हातातल्या कामातच सापडला.

जात्यावर दळण दळताना ओवी सुचायची. चूल पेटेना, डोळ्यांत धूर गेला, तर त्याचंही गाणं व्हायचं. पेरणी, कापणी, उफणणी, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, आखाजीचा सण असं सगळं त्यांच्या गाण्यात आलं. दुःख त्यांनी लपवलं नाही, वैधव्याची वेदनाही गाण्यातच मांडली.

या गाण्यांची भाषा अनेकांना अहिराणी वाटते. पण धुळ्याकडे बोलली जाणारी अहिराणी वेगळी. बहिणाबाईंची बोली जळगाव भागातल्या लेवा समाजाची.

ही गाणी कवितासंग्रह काढायचा म्हणून रचलेली नव्हतीच. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे भारावून गेले आणि त्यांनी ती छापण्याचा आग्रह धरला. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठीच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं.

यातलं काहीच बहिणाबाईंनी पाहिलं नाही. गाण्यामुळे त्यांचं दळण कमी झालं नाही की शेतातले कष्ट सरले नाहीत. शिवाय जी गाणी कुणी टिपली नाहीत, ती त्यांच्यासोबतच गेली. पण ज्या दिवशी सुचलं त्याच दिवशी त्यांनी ते गाऊन घेतलं. त्यांचा आनंद पुस्तक छापून येण्याची वाट पाहत थांबला नव्हता.