डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी : राखीव जागांवर पाणी सोडणारा अल्पसंख्य

नोकरीनिमित्त कोलकात्यात येऊन राहिलेल्या आम्हा महाराष्ट्रीयांना बंगालची थोर माणसे अपरिचित नसतात. रवींद्रनाथ, विवेकानंद, सुभाषबाबू यांची चरित्रे आपण शाळेतच वाचलेली असतात. परंतु डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे नाव काढले, तर आपल्यापैकी बहुतेकांना ते नवे वाटेल. माझीही गत याहून वेगळी नव्हती. सरकारी सेवेत उभी हयात गेली, राज्यघटनेच्या कलमांचे हवाले टिपणांतून किती वेळा दिले असतील याची गणती नाही. पण त्यांतली कित्येक महत्त्वाची कलमे मंजूर होत असताना अध्यक्षस्थानी कोण बसले होते, हे घटना समितीच्या कामकाजाचे छापील खंड चाळीपर्यंत मला ठाऊक नव्हते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा म्हणूनच हे चरित्र निवडले.

हरेंद्रकुमारांचा जन्म १८८७ सालचा. आडनाव बंगाली ब्राह्मणाचे, धर्म ख्रिस्ती. या संयोगाचे बंगालला नवल नव्हते. मायकेल मधुसूदन दत्त ख्रिस्ती होऊनही बंगाली काव्याचे युगप्रवर्तक ठरले होते आणि काँग्रेसच्या आरंभीच्या काळातल्या धुरीणांत कालीचरण बॅनर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ होते. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी धर्म बदलूनही मराठीपण आणि देशप्रेम सोडले नाही, त्याच जातीची ही परंपरा. हरेंद्रकुमार इंग्रजी साहित्याचे गाढे अभ्यासक होते. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. अशा विद्वानाचे आयुष्य ग्रंथालयात संपायचे, पण काळ तसा नव्हता.

१९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. १९३२ च्या जातीय निवाड्याने तीच व्यवस्था शिखांना, अँग्लो-इंडियनांना आणि भारतीय ख्रिस्त्यांनाही लागू केली. वास्तविक गोलमेज परिषदेला गेलेल्या के. टी. पॉल आणि एस. के. दत्त या ख्रिस्ती नेत्यांचा अशा विभक्तपणाला विरोध होता. न मागता पदरात टाकलेले हे दान होते. त्याची फळे बंगालने फार लवकर चाखली. १६ ऑगस्ट १९४६ रोजी आणि त्यानंतरच्या दिवसांत कलकत्त्याच्या रस्त्यांवर जो नरसंहार झाला, तो हरेंद्रकुमारांच्या स्वतःच्या शहरातला होता.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४६ रोजी, दिल्लीत घटना समितीचे काम सुरू झाले. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले आणि १९४७ च्या जानेवारीत हरेंद्रकुमार उपाध्यक्ष निवडले गेले. अल्पसंख्यांच्या हक्कांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. देश दुभंगत असताना हे काम म्हणजे विस्तव ओंजळीत धरण्यासारखेच होते. ऑगस्ट १९४७ मध्ये जी योजना घटना समितीपुढे आली, तिने विभक्त मतदारसंघ रद्द केले, मात्र संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्यांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा ठेवल्या. ख्रिस्त्यांना अशा जागा केंद्रीय विधिमंडळात आणि मद्रास व मुंबई या दोन प्रांतांत मिळणार होत्या. पारशांनी आपल्या राखीव जागांचा आग्रह सोडून दिला होता, हे मुंबईकरांना अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

पुढची दोन वर्षे निर्वासितांच्या लोंढ्यांची, गांधीजींच्या हत्येची आणि काश्मीरच्या युद्धाची. या काळात राजेंद्रप्रसाद आजारी असताना घटना समितीची सूत्रे हरेंद्रकुमारांच्या हाती होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले, तेव्हा मसुद्याचे शिल्पकार डॉ. आंबेडकर होते आणि अध्यक्षस्थानी हा बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक होता. गांधीजींच्या जयजयकारात ते कलम संमत झाले. लगेच पुढच्या आठवड्यात धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर वाद झाला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क त्यात असावा की नसावा, यावर बरीच भवति न भवति झाली. ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने हा अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. अखेर प्रसाराचा शब्द कायम राहिला, आणि तो राखण्यासाठी हिंदू सभासदही बोलले. हरेंद्रकुमारांचे मन पुढे कोठे वळले, हे समजायला या आठवड्यांचा वृत्तांत वाचावा असे मला वाटते.

११ मे १९४९ रोजी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत हरेंद्रकुमारांनीच ठराव मांडला, की अनुसूचित जातींखेरीज अन्य अल्पसंख्यांसाठी विधिमंडळांत राखीव जागा असू नयेत. दोन वर्षांपूर्वी ज्या उपसमितीने त्या जागांचा विचार केला, तिचाच अध्यक्ष आता त्या सोडा म्हणत होता. त्याच महिन्याच्या २५ आणि २६ तारखांना घटना समितीत यावर चर्चा झाली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. धर्मनिरपेक्ष राज्य हवे असे आपण मनापासून म्हणत असू, तर राजकारणात धर्मावरून ठरलेला अल्पसंख्य वर्ग मान्य करता येत नाही. नागरिकाच्या रक्षणाला मूलभूत हक्क आहेत, तेवढे पुरे. बेगम एजाज रसूल यांनी मुसलमानांच्या बाजूने हेच म्हटले, तर मद्रासच्या महंमद इस्माईल यांनी कडवा विरोध केला. ठराव मंजूर झाला.

हा निर्णय निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. एक तर मद्रास-मुंबईच्या ख्रिस्त्यांना मिळणाऱ्या जागा बंगालच्या ख्रिस्त्याने सोडल्या, असा आक्षेप कोणी घेतला असता तर त्याला उत्तर देणे कठीण होते. दुसरे असे, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, तीत दलित ख्रिस्ती बसले नाहीत. म्हणजे जो सर्वांत दुबळा, त्याला धर्माच्या नावाने संरक्षण नाही आणि जातीच्या नावानेही नाही. सरकारी कचेरीत बसून याद्या तपासणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट टोचते. उलट अँग्लो-इंडियनांच्या नियुक्त जागा मात्र २०२० पर्यंत चालत राहिल्या.

तरीही १९४९ चे ते दिवस डोळ्यांपुढे आणावेत. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. बहुसंख्य समाज कसा वागेल याची हमी कोणाजवळच नव्हती. अशा वेळी हाती आलेले आश्वासन परत करून, शेजाऱ्यांच्या मताने निवडून येऊ असे म्हणायला छाती लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत राजकुमारी अमृतकौर या ख्रिस्ती बाई हिमाचलातून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा ती आशा अगदीच भाबडी नव्हती असे दिसले.

१ नोव्हेंबर १९५१ रोजी हरेंद्रकुमार पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासारखा खंबीर पुरुष असताना राज्यपालाला करण्यासारखे फारसे नव्हते, आणि त्यांनीही ते उगाच शोधले नाही. पूर्व बंगालातून निर्वासितांचा ओघ चालूच होता. राजभवनाच्या भव्य दालनांत या माणसाची राहणी शिक्षकाचीच राहिली. आयुष्यभर शिकवून जी पुंजी साठविली, तिचा मोठा भाग त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला देऊन टाकला. ७ ऑगस्ट १९५६ रोजी, त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्या वर्षाच्या अखेरीस राजभवनात पद्मजा नायडू आल्या.