न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

खालच्या न्यायालयाने दिलेला निकाल चुकीचा आहे असे ज्याला वाटते, त्याला वरच्या न्यायालयाकडे दाद मागता येते. या दाद मागण्यास अपील म्हणतात. मुंबई इलाख्यातील अपिले ऐकण्यासाठी १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले. तेथील न्यायाधीशाचे काम मोठ्या जोखमीचे असते. त्याने दिलेला निर्णय केवळ त्या दोन पक्षकारांपुरता राहत नाही. पुढे तसाच तंटा उभा राहिला, की खालची न्यायालये त्याच निर्णयाचा आधार घेतात. अशा या उच्च न्यायालयात काशिनाथ त्रिंबक तेलंग हे १८८९ पासून १८९३ पर्यंत न्यायाधीश होते. हा काळ अवघा चार वर्षांचा. परंतु निर्भय व सौम्य बुद्धीचा न्यायाधीश कसा असतो, हे त्यांनी तेवढ्या अवधीत दाखवून दिले.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. त्यांच्या जन्मदात्या वडिलांचे नाव बापू. परंतु चुलते त्रिंबक यांनी त्यांना दत्तक घेतले. त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन विद्यालयात व नंतर महाविद्यालयात झाले. लहानपणापासून त्यांना वाचनाची विलक्षण आवड होती. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांनी सारखेच प्रभुत्व मिळविले. एम. ए. व एलएल. बी. या पदव्या संपादन करून १८७२ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

कोणतेही मत स्वीकारण्यापूर्वी त्याचा पुरावा तपासावयाचा, हा त्यांचा बाणा तरुणपणीच दिसून आला. जर्मनीतील वेबर नावाच्या एका थोर पंडितांनी असे मत मांडले होते, की रामायणातील सीताहरण व लंकेचा वेढा हे प्रसंग होमर या ग्रीक कवीच्या काव्यावरून घेतले असावेत. वेबर यांची कीर्ती युरोपभर पसरली होती. तरीही १८७३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेलंगांनी निबंध लिहून या मताचे खंडन केले. त्यात रागाचा किंवा उपहासाचा मागमूस नव्हता. वेबर यांचा एकेक मुद्दा घेऊन तो का टिकत नाही, हे त्यांनी शांतपणे दाखविले. पुढे त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजीत भाषांतर केले. ऑक्सफर्ड येथील माक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेत ते १८८२ साली प्रसिद्ध झाले. मायबोलीलाही ते विसरले नाहीत. लेसिंग या जर्मन नाटककाराचे एक नाटक त्यांनी ‘शहाणा नेथन’ या नावाने मराठीत आणले.

लोकहिताच्या कार्यातही तेलंग अग्रभागी असत. भारतीय न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार द्यावा, असे एक विधेयक १८८३ साली सरकारपुढे होते. युरोपियन लोकांनी त्याविरुद्ध मोठा गहजब केला. त्या वेळी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरलेल्या सभेत तेलंगांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केले आणि न्यायासनावर बसणाऱ्याचा वर्ण पाहणे कसे अयोग्य आहे, हे सांगितले. १८८५ साली फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी मुंबईत प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईस भरले. त्यातही त्यांचा पुढाकार होता.

१८८९ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तेलंग न्यायमूर्ती झाले. त्या काळी वारसा, दत्तक, वाटणी यांसारखे हिंदू कुटुंबांतील तंटे धर्मशास्त्राच्या आधारे सोडविले जात. पूर्वी शास्त्रार्थ सांगण्यासाठी न्यायालयात पंडित नेमलेले असत. परंतु १८६४ साली ती पद्धत बंद झाली. इंग्रज न्यायाधीशांना ‘मिताक्षरा’ व ‘व्यवहारमयूख’ हे संस्कृत ग्रंथ भाषांतरावरूनच वाचावे लागत. भाषांतरात एखाद्या शब्दाचा अर्थ जरासा ढळला, तरी कोणाचे तरी घर किंवा शेत हातचे जाण्याचा संभव असे. तेलंग मूळ ग्रंथ वाचीत, त्यांतील वचने एकमेकांशी ताडून पाहत आणि मगच निर्णय देत. शास्त्राबरोबर लोकांतील रूढीचाही विचार केला पाहिजे, असे त्यांचे मत होते.

१८९१ साली एक महत्त्वाचा दावा अनेक न्यायाधीशांच्या पूर्णपीठापुढे आला. एका एकत्र कुटुंबात वडील व चुलते यांची वाटणी झालेली नव्हती. मुलाला वडिलार्जित मालमत्तेतील आपला वाटा वेगळा करून हवा होता. वडिलांची मात्र संमती नव्हती. वडील हयात असताना आणि ते आपल्या भावांशी एकत्र असताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध मुलाला वाटणी मागता येईल काय, असा प्रश्न होता. बहुमताने निर्णय झाला, की मागता येणार नाही. तेलंगांना मूळ वचनांचा अर्थ तसा दिसला नाही. वडिलार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. मग तो हक्क वेगळा मागण्यास दुसऱ्याच्या संमतीची अट कशासाठी, असा त्यांचा विचार होता. त्यांनी आपले भिन्न मत आधारांसह सविस्तर लिहून ठेवले. त्या दिवशी त्यांच्या मताने निकाल बदलला नाही आणि मुंबईत बहुमताचा निर्णयच प्रमाण राहिला. तथापि, पुढे मद्रासच्या उच्च न्यायालयाने मुलाचा हक्क मान्य केला. तेलंगांच्या मृत्यूनंतर कित्येक दशके न्यायाधीश व कायदेपंडित त्यांचे ते भिन्न मत काढून वाचीत राहिले.

असे असले तरी तेलंगांच्या चरित्रात एक उणेपणाचा प्रसंग आहे. ते समाजसुधारणेचे पुरस्कर्ते होते; १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला होता. परंतु स्वतःच्या मुलीचा विवाह त्यांनी घरच्यांच्या इच्छेपुढे नमून लहान वयात करून दिला. त्यावरून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. न्यायालयात बहुमतापुढे न नमणारा हा पुरुष घरात मात्र नमला. विचार आणि आचार यांची सांगड घालणे थोरांनाही किती कठीण जाते, हे यावरून दिसते.

१८९२ साली तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. याच सुमारास मराठ्यांच्या बखरींचा अभ्यास करून त्यांनी एक निबंध लिहिला. परंतु त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, त्यांचे निधन झाले. उच्च न्यायालयातील त्यांच्या जागी त्यांचे स्नेही महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. १९०० साली रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तेलंगांचा तो निबंध त्यांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी आदराने जोडला.

तेलंगांनी वेबर यांचे मत खोडून काढले, पण त्यांचा अवमान केला नाही. पूर्णपीठात ते सहकाऱ्यांशी असहमत झाले, पण त्यांना दोष दिला नाही. आपले म्हणणे आधार देऊन मांडावे आणि ते त्या दिवशी मान्य झाले नाही, तरी सत्य म्हणून लिहून ठेवावे, ही त्यांची रीत होती. न्यायाच्या क्षेत्रात त्यांचे नाव राहिले, ते याच रीतीमुळे.