पंडिता रमाबाई : पश्चात्ताप, विवेक आणि संजीवन

१. प्रस्तावना



एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याला वारंवार भेटते. 'स्त्रीधर्मनीति'च्या लेखिका, अमेरिकेच्या प्रवासवृत्ताच्या कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापक या त्यांच्या ओळखी आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या चरित्रातील धर्मविषयक भाग मात्र आपण सहसा एका वाक्यात उरकतो : १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हे विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. त्या घटनेनंतर रमाबाई सुमारे एकोणचाळीस वर्षे जगल्या आणि त्यांचा खरा आंतरिक प्रवास या काळात घडला. प्रस्तुत घटकात आपण हा प्रवास पाहणार आहोत.

त्यासाठी तीन शब्द आधी नीट समजून घेऊ. पहिला शब्द 'पश्चात्ताप'. 'पश्चात्' आणि 'ताप' यांच्या संधीतून तो सिद्ध झाला आहे. केलेल्या कृत्याबद्दल मागाहून होणारी मनाची जळजळ हा त्याचा अर्थ. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेतानोइया' असा आहे आणि त्यात मन पालटण्याची कल्पना आहे. जुन्या करारातील हिब्रू धातू 'शूव्' याचा अर्थ मागे वळणे. म्हणजे मराठी शब्द दुःखावर भर देतो, तर मूळ शब्द दिशा बदलण्यावर. दुसरा शब्द 'विवेक' : समोर आलेली शिकवण, अनुभव किंवा अधिकार पारखून घेण्याची शक्ती. तिसरा 'संजीवन' : थंडावलेली श्रद्धा पुन्हा जिवंत होणे. ख्रिस्ती मराठीत 'मंडळी' म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय. मंडळीचे संजीवन म्हणजे या समुदायाला आलेली नवी जाग.

२. पूर्वायुष्य : शास्त्रांची पारख

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत देशभर फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास दुष्काळ आणि उपासमार यांत आई, वडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास मागे उरले. उपासतापास, व्रते, तीर्थयात्रा हे सारे यथासांग करूनही घर उद्ध्वस्त झाले, ही जाणीव त्यांच्या मनात खोल रुजली. भुकेने मरणारे माणूस कसे दिसते, हेही त्या कधी विसरल्या नाहीत. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती निर्णायक ठरणार आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत पांडित्याची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्यास सुचविले. स्वतः धर्मशास्त्रे वाचताना त्यांना असे दिसले की, इतर अनेक बाबतींत मतभेद असलेले ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांचा अधिकार नाकारण्याच्या बाबतीत मात्र एकमताचे आहेत. ग्रंथ पूज्य आहे म्हणून तो तपासू नये, हे त्यांनी मानले नाही. ख्रिस्ती होण्यापूर्वीच त्यांच्या ठिकाणी ही पारख होती, हे आपण नोंदवून ठेवावे.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 'स्त्रीधर्मनीति' लिहिली.

३. बाप्तिस्मा आणि अधिकाराचा प्रश्न

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी संप्रदायाच्या आश्रयाला राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांचा सांभाळ करीत. ज्या स्त्रीला प्रायश्चित्तानेही घरात परत जागा मिळत नाही, तिला येथे माणूस म्हणून उभे केले जाते, हे पाहून रमाबाई विचारात पडल्या. योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांनी या संदर्भात वाचली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपली, असे वाँटेजच्या भगिनींना वाटले असावे. प्रत्यक्षात संघर्ष येथून सुरू झाला. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार उपलब्ध आहे, त्यात त्या त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल शंका घेतात आणि चर्चचे वचन केवळ चर्चचे आहे म्हणून स्वीकारण्यास नकार देतात. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची संधी त्यांना मिळू शकत होती. भारतातील बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी ती अनुचित असल्याचे स्पष्ट सांगितले. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, भारतीय स्त्रीच्या क्रुसावर संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु श्रद्धा आणि तिला चढविलेला परदेशी पेहराव यांत त्या भेद करीत होत्या, हे त्यातून कळते.

एका धर्माच्या शास्त्रींना प्रश्न विचारणारी स्त्री दुसऱ्या धर्माच्या आचार्यांपुढे मान तुकवील, अशी अपेक्षा दोन्हीकडच्यांनी केली आणि दोन्हीकडचे निराश झाले.

४. पश्चात्ताप : १८९१ चे वळण

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे लिहिलेल्या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी निधी उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण द्यावे, धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये, हे संस्थेचे धोरण होते.

बाह्यतः सर्व काही यशस्वी असताना, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. उपदेशक असूनही आपली स्वतःची श्रद्धा वरवरची आहे, हे हॅस्लम यांना कसे उमगले, याची ती हकिगत होती. रमाबाईंनी ती स्वतःला लावून पाहिली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही, अशा आशयाचा निष्कर्ष त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. सिद्धान्त त्यांनी पारखून घेतले होते. संस्काराचा विधीही झाला होता. मात्र त्यांचा भरवसा अजून स्वतःच्या बुद्धीवर आणि कर्तृत्वावर होता. तो तेथून काढून देवावर ठेवणे, हा त्यांच्या दृष्टीने खरा पश्चात्ताप. 'मेतानोइया'चा मन पालटण्याचा अर्थ येथे लक्षात घ्या. या वेळी रमाबाईंनी धर्म बदलला नाही, नाव बदलले नाही, गाव बदलले नाही. तरीही हे वळण त्यांनी बाप्तिस्म्यापेक्षा मोठे मानले.

या वळणाचे परिणाम संस्थेवर झाले. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. 'केसरी'ने टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद अभ्यासताना आपण घाई करू नये. पालकांनी एका विश्वासाने मुली पाठविल्या होत्या. आश्रय देणाऱ्या व्यक्तीचा प्रभाव आश्रितावर पडतोच, हा आक्षेप पोकळ नव्हता. मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक आहे, तशीच मलाही माझी श्रद्धा न लपविण्याची आहे, ही रमाबाईंची भूमिकाही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आपल्या शब्दांत मांडता येणे, हे या भागाचे उद्दिष्ट आहे.

५. मुक्ती आणि १९०५ चे संजीवन

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या तरुणपणीची भूक आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. तेथेच 'मुक्ती' ही संस्था वाढली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छपाई, अंधांचे शिक्षण, टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' असा तेथील व्याप होता.

मुलींच्या पोटाला अन्न मिळाले. परंतु मन सावरले का, ही चिंता रमाबाईंना होती. वेल्समध्ये १९०४ मध्ये सुरू झालेल्या संजीवनाच्या वार्ता त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. १९०५ च्या आरंभापासून त्यांनी मुक्तीत नित्य प्रार्थनेचे गट सुरू केले; सुरुवातीला सुमारे सत्तर जणी येत, पुढे ही संख्या काही शेकड्यांवर गेली. जूनच्या अखेरीस मुलींमध्ये तीव्र भावावस्था दिसू लागली. त्या रडत, आपली पापे उघडपणे कबूल करीत, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत आणि मग आनंदाने गात. मुक्तीतील अमेरिकन सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात या अनुभवाची मांडणी केली.

पाश्चात्त्य आणि भारतीय ख्रिस्ती वर्तुळांत काहींना हा गोंधळ वाटला. येथे रमाबाईंचा विवेक दोन्ही अंगांनी दिसतो. भारतीय स्त्रीने परदेशी शिस्तीतच प्रार्थना करावी, हा आग्रह त्यांनी मानला नाही. प्रत्येक समाजाच्या भावना आपापल्या रीतीने प्रकट होतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वेळी बाह्य लक्षणांना त्यांनी अवास्तव महत्त्व दिले नाही. मुक्तीतील काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या, तेव्हा ते दान त्यांनी नाकारले नाही. परंतु पवित्र आत्म्याची ती एकमेव खूण आहे, असेही मानले नाही. स्वतःला ते दान मिळाल्याचा दावा त्यांनी केला नाही. अनुभवानंतर आचरणात प्रेम वाढले का, माणूस सेवेला निघाला का, ही त्यांची कसोटी होती. मुक्तीतील मुलींचे गट भोवतालच्या खेड्यांत जाऊ लागले.

या घटनेतील सामाजिक आशय आपण विसरू नये. संजीवन म्हटले की मोठ्या उपदेशकाचे नाव समोर येते. येथे केंद्रस्थानी होत्या दुष्काळातून वाचलेल्या निराधार मुली, आणि मंडळीला जाग आणणारा आवाज त्यांचा होता.

६. भाषेतील पश्चात्ताप

आयुष्याच्या अखेरच्या सुमारे अठरा वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ते कळत नाही, शिवाय त्यातील अनेक शब्दांना वेगळ्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांना वाटत होते. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले.

'स्त्रीधर्मनीति'ची संस्कृतनिष्ठ शैली आणि या भाषांतराची साधी शब्दकळा शेजारी ठेवून पाहा. संस्कृत हे ज्यांचे वैभव, त्यांनीच ते बाजूला ठेवले. मूळ मजकुराशी शब्दशः निष्ठ राहण्याच्या प्रयत्नात वाक्यरचना जागोजागी अवघडली, आणि मंडळ्यांनी पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर वापरले, ही त्या प्रयत्नाची मर्यादा होय. तरीही पंडितेने आपल्या पांडित्याची दिशा बदलली, आणि १८९१ च्या वळणाशी याचे नाते आहे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

७. समारोप

रमाबाईंच्या चरित्रातून तीन मुद्दे हाती येतात. धर्मांतर आणि पश्चात्ताप या भिन्न गोष्टी आहेत. पहिली समाजाला दिसते, दुसरी माणसाला स्वतःशी करावी लागते. विवेक हा श्रद्धेचा शत्रू नाही. रमाबाईंनी शास्त्री, बिशप आणि स्वतःच्या घरातील भावावेश या तिन्हींना समान कसोटी लावली. आणि संजीवनाचे मोल त्यातून उभ्या राहिलेल्या सेवेवरून ठरते. त्यांची श्रद्धा आपल्याला मान्य असो वा नसो, ती वगळून त्यांचे कार्य समजून घेता येत नाही. तसेच दुष्काळातील भूक वगळून त्यांची श्रद्धाही कळत नाही.

स्वाध्याय

१. 'पश्चात्ताप' या शब्दाची फोड करून ग्रीक व हिब्रू संकल्पनांशी त्याची तुलना करा.
२. १८८३ आणि १८९१ या दोन घटनांतील फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. शारदा सदनाच्या वादातील दोन्ही बाजू मांडा आणि आपले मत सकारण लिहा.
४. १९०५ च्या संजीवनाकडे पाहण्याची रमाबाईंची दृष्टी सुमारे १५० शब्दांत विशद करा.