कीचकवध पडद्यावर आणणारे कलामहर्षी

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव मेस्त्री हे निष्णात कारागीर. त्यांचे हस्तकौशल्य बाबूरावांनी घरातच आत्मसात केले. बंधू आनंदरावांसह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविताना त्यांना चलच्चित्राचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साह्याने स्वतः कॅमेरा घडविला आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभारली.

१९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात त्यांचा ‘सैरंध्री’ झळकला. कथा महाभारतातील कीचकवधाची. याच कथेवरील खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत असे. वध रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, हा आपल्या प्राचीन नाट्यशास्त्राचा संकेत. बाबूरावांनी तो मोडला. भीमाने केलेला कीचकाचा वध त्यांनी इतका हुबेहूब चित्रित केला, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, काही स्त्रियांना भोवळ आली, असे सांगतात. सेन्सॉरने पुढे ते दृश्य गाळावयास लावले. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूराव मुळात चित्रकार, हे येथे विसरता येत नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, युरोपातील बरोक काळात, कॅराव्हॅज्योने आणि त्याच्यामागून आर्तेमिसिया जेन्तिलेस्की या चित्रकर्तीने बायबल-परंपरेतील ज्युडिथची कथा अशीच निर्भीडपणे रंगविली होती. आपले नगर वाचविण्यासाठी ज्युडिथ शत्रुसेनापती होलोफर्नेसचा शिरच्छेद करते. आर्तेमिसियाच्या चित्रात अस्तन्या सारलेल्या दोन स्त्रिया सारे बळ एकवटून त्याला दाबून धरतात. पांढऱ्या चादरीवरून रक्त ओघळते. धर्मकथेतील हिंसा सौम्य केली, की अन्यायही सौम्य भासू लागतो, हे या कलावंतांनी जाणले असावे. एक भेद मात्र मला नेहमी बोचतो: ज्युडिथच्या स्वतःच्या हाती तलवार आहे, द्रौपदीला भीमाचे बाहू लागतात.

तरीही स्मरणीय गोष्ट अशी, की फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषाने साकारली होती. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांनाच उभे केले. पडद्यावर येणे स्त्रीला लांच्छनास्पद मानले जाण्याचा तो काळ होता.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते पुराणकथा सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळले. त्यात शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण म्हणजे पुढे विख्यात झालेले व्ही. शांताराम. उत्तरायुष्यात बाबूराव पुन्हा चित्र-शिल्पांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे कोल्हापुरातच निधन झाले.